अमेरिकेत पोलिसांचा व्हिडिओ काढता येतो का? ‘कॉपवॉच’वाले नेमकं काय करतात?

हो, सार्वजनिक जागी, कामात अडथळा न आणता. बॉस्टनच्या ग्लिक खटल्यात २०११ साली अपील न्यायालयाने हा हक्क मान्य केला. कॉपवॉच म्हणजे पोलिसांच्या गस्तीवर नागरिकांनी नजर ठेवणं. ही पद्धत १९६६मध्ये गाजवली ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने (आपल्या दलित पँथरचं नाव त्यांच्यावरूनच). बर्कलीचा ‘कॉपवॉच’ हा गट १९९०चा.

या कामाला दोघं लागतात: एक चित्रण करतो, दुसरा वेळ, गाडीचा नंबर, बॅज टिपतो आणि पहिल्यावरही लक्ष ठेवतो. आधी रस्त्याची पाटी घ्या, मग पोलिसांचे हात. स्वतः बडबडू नका; पोलिसांनी दिलेले हुकूमच त्याखाली दबतात. मागे सरका म्हटलं तर चित्रण चालू ठेवून सरका आणि ‘सरकतोय’ असं मोठ्याने म्हणा. अटक अनेकदा इथेच होते, हुज्जतीपायी. चेहऱ्याने उघडणारं लॉक बंद ठेवून आकडी पासकोड ठेवा. फोन तपासायला २०१४पासून सहसा वॉरंट लागतं.

आणि व्हिडिओ लगेच व्हायरल करायची घाई नको. मूळ फाइल न कापता जपा, वकिलाला दाखवा. २०१५मध्ये पोलिसाच्या गोळ्यांनी मेलेल्या वॉल्टर स्कॉटच्या प्रकरणात पोलिसाचा जबाब आधी आला, पाठीत गोळ्या झाडल्याचा व्हिडिओ नंतर. खोटं तिथेच उघडं पडलं.