नदीकाठच्या लहान गावाचा इतिहास कधीपासून धरायचा?

तुमच्या नदीकाठच्या गावाचा सर्वांत जुना कागद पेशवाईतला आहे, तर गाव तेव्हाच वसलं असं धरावं का, हा तुमचा प्रश्न. अजिबात धरू नका. कागद वसुलीसाठी होतात, आणि वसुलीला माणसं येतात ती गाव नांदतं झाल्यावर.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. घरात वतनाची सनद आहे आणि थोरले चुलते गावाचा इतिहास तिथूनच मोजतात. एका दिवाळीत ते पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती ट्रॉलीत भरून उसाला टाकत होते. खत म्हणून सगळेच टाकतात. खोऱ्याला दोन मडकी लागली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं. मी ओरडून काम थांबवा म्हणालो. "कुणाचं तरी जुनं गाडगं असंल," म्हणत त्यांनी ती मातीसोबत ट्रॉलीत लोटली. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

कारण याच घोड नदीवर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकरांनी १९६८पासून तिथे उत्खनन करून शंभराहून अधिक घरं उजेडात आणली. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. दगावलेली तान्ही मुलं ते लोक अशाच जोडमडक्यांत घालून घरातल्या जमिनीखाली पुरायचे. सातू पिकवायचे, नदीचं पाणी चारीने वळवायचे. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचं कोठार होतं. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचं घर मानलं. म्हणजे कारभारी सनदेच्या किती आधीचा! इ.स.पू. १०००नंतर पाऊसमान घटलं, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर भर आला.

तुमच्या गावची पांढरी शोधा. पावसाळ्यानंतर वर आलेली खापरं निरखा. इनामगावच्या खापरांसारखी तांबड्यावर काळी नक्षी दिसली तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, तहसीलदारांना नाहीतर पुरातत्त्व विभागाला कळवा. स्वतः खणू नका. अर्थात प्रत्येक पांढरी तीन हजार वर्षांची नसते, आणि जुनी वस्ती सापडली तरी आजचं गाव तिचंच वंशज ठरत नाही. इनामगावची ती वस्तीही उठून गेलीच.

पण घरच्या वडीलधाऱ्यांनी सनद पुढे केली म्हणून गप्प बसू नका. सनद कपाटात आहे, ती कुठे जात नाही. पांढरी मात्र दर हंगामाला उसात चालली आहे, आणि हे मी चुलत्यांना आजही तोंडावर सांगतो.