एक्सेलमध्ये मॅक्रोने (आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) उघडली की तारखा उलटतात, त्याबद्दल

तुला वाटतं विंडोजच्या तारखेच्या सेटिंगमध्ये घोळ आहे, पण तुझं विंडोज ठीक आहे, त्याच्या मागे लागू नकोस. मॅक्रोतून सीएसव्ही उघडताना एक्सेल अमेरिकन पद्धतीने आधी महिना धरतो. म्हणून ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल लिहिलेलं, झालं ४ मे! २५/०४ मात्र जमत नाही (पंचविसावा महिना नसतोच) म्हणून तारीख न होता मजकूर राहतो, डावीकडे चिकटलेला. तो निदान दिसतो तरी. खरा घात दर महिन्याच्या १ ते १२ तारखांचा, त्या न कळत उलटतात.

वर्कबुक्स.ओपनमध्ये (मॅक्रोतली फाईल उघडायची आज्ञा) ‘लोकल’ हा पर्याय ट्रू दे, काम होईल. पण मग सगळं त्या-त्या मशीनच्या तारखेच्या सेटिंगवर. मी स्वतः तारखेचा रकाना मजकूर म्हणूनच वाचतो, स्प्लिटने (मजकूर तोडणारं फंक्शन) तुकडे करतो आणि डेटसिरियलला (तुकड्यांतून तारीख बनवणारं फंक्शन) वर्ष, महिना, दिवस या क्रमाने देतो. मजकुराची थेट तारीख करणारं सीडेट वापरू नकोस, तो गुपचूप अंदाज बांधतो. आणि बिघडलेली शीट दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ फाईल पुन्हा आण.