"आधीचा किती शहाणा होता हो, आणि हा..."

म्हातारा कुत्रा गेल्यावर नवीन पिल्लू आणलेली माणसं माझ्याकडे ट्रेनिंगसाठी येतात तेव्हा तक्रार बहुतेक शू-शीचीच असते, आणि दहा मिनिटांत रडू येतं ते वेगळ्याच कारणाने. मध्यंतरी एक ताई आल्या, बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, हे पिल्लू मुद्दाम करतंय." त्यांचा चौदा वर्षांचा शेरू जाऊन दोन महिने झालेले, घर खायला उठायचं म्हणून मुलाने नऊ आठवड्यांचं पिल्लू आणून दिलं, आणि ते बाहेर अर्धा तास फिरतं, काही करत नाही, आत आल्या आल्या थेट शेरूच्या गादीशेजारी जाऊन शू करतं. शेरूच्या जागेवर!

मी विचारलं, शेवटी शेवटी शेरूला कंट्रोल राहिला होता का. नव्हता, महिनाभर तिथेच व्हायचं आणि त्या फिनाईलने पुसायच्या. मग झालं तर! फिनाईलने आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याच्या नाकाला खालचा जुना वास येतोच, आणि वास येतो तिथे शू करायची एवढंच त्याला कळतं, तिथे कोण झोपायचं हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. एन्झाईमवालं, म्हणजे शूचा वास मुळापासून काढणारं क्लीनर आणून जागा चांगली भिजवा म्हटलं, थोडा वेळ तसंच राहू द्या, आणि गादी धुऊन कपाटात ठेवा. टाकायची नाहीये, कपाटात ठेवायची, हे मला दोनदा सांगावं लागलं.

बाकी नेहमीचंच. एवढ्या लहान पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही, म्हणून झोपून उठलं की, खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झालं की, बाहेर. रात्रीही एकदा उठायचं, इलाज नाही. बाहेर फिरवत बसू नका, एकाच जागी गप्प उभं राहा, नाहीतर ते पानं हुंगण्यातच विसरून जातं. केली की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा, घरी येऊन दिला तर त्याला वाटतं घरी येण्याचा मिळाला, आणि लगेच आत ओढू नका, थोडं खेळू द्या, नाहीतर शू केली की मजा संपते हे ते पटकन शिकतं. नाहीच केली तर आत आणून दहा मिनिटं मांडीवर आणि परत बाहेर. नंतर सापडलेल्या शूवरून ओरडण्यात काही अर्थ नाही, फक्त ते पुढच्या वेळी सोफ्यामागे जाऊन करायला लागतं. (सारखी सारखी थेंब थेंब होत असेल किंवा रक्त दिसलं तर मात्र ट्रेनिंग बाजूला, आधी डॉक्टर.)

"पण शेरूला असलं काहीच शिकवावं लागलं नव्हतं," त्या म्हणाल्या. हे मला सगळेच सांगतात, आणि खोटं बोलत नसतात, चौदा वर्षांत पहिले चार महिने खरंच पुसले जातात. मी एवढंच म्हटलं की त्याचे लहानपणीचे फोटो असतील तर पुढच्या वेळी आणा.

आणले. एका फोटोत शेरू चप्पल चावतोय आणि मागे अख्ख्या हॉलमध्ये जुने पेपर पसरलेले. ताईंनी तो बराच वेळ पाहिला, मग हसल्या, मग पुन्हा रडल्या, आणि मीही घाई केली नाही.

त्यानंतर आठवड्याने त्यांचा मेसेज आला: "आज बाहेर सहा, आत एक. आतली माझ्यामुळे, फोनवर बोलत बसले. आणि हो, अजूनही त्याला शेरूच हाक मारली जाते, नाव ठेवायचं राहिलंय."