‘कुठलं गाव?’ असं परदेशात कुणी विचारलं तर

निपाणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बारा दिवस, एकट्यानं, आधी थायलंडात बँकॉक आणि मग व्हिएतनामात हनोई. छान ठरवलंयस. घरच्यांनी घाबरवायचं तेवढं घाबरवलं असेलच, मी त्यात भर घालत नाही. या दोन्ही शहरांत अंगावर येऊन लुटणारे थोडे आणि गोड बोलून खिसा हलका करणारे जास्त. त्या गोड बोलण्याला आपल्या बेळगाव सीमाभागातली पोरं लवकर भुलतात, आणि त्याला आपलं वळणच कारण आहे. खानापूरच्या स्टँडवर शेजारच्यानं ‘कुठलं गाव?’ म्हटलं की आपण गाव, गल्ली, पाहुणे सगळं सांगून मोकळे होतो. समोरचा कन्नड बोलला तर कन्नड, मराठी बोलला तर मराठी. उत्तर न देणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. इथं हा गुणच आहे. तिथं मात्र देवळाच्या नि राजवाड्याच्या दारात उभा असलेला माणूस ‘इंडिया? मुंबई?’ एवढंच विचारतो आणि तू थांबलास की त्याचं अर्धं काम होतं. तो हिंदी बोलला म्हणजे आपला झाला, असं तर मुळीच समजू नकोस. भाषा हेच त्याचं हत्यार असतं.

म्हणून एकच गोष्ट पक्की धर. जो आपणहून तुझ्याकडं आला, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. माहिती नाही, गाडी नाही, मदतही नाही. अडलंच तर माणूस तू निवड. हॉटेलच्या काउंटरवरचा, तिकीटखिडकीतला, औषधाच्या दुकानातली बाई. असा माणूस तुला फसवील ही शक्यता फार कमी, कारण तो तुझी वाट बघत तिथं उभा नव्हता.

बँकॉकचा ग्रँड पॅलेस घे. भिंतीलगत चालत असताना इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ भेटेल. म्हणेल, आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारी एकनंतर उघडेल. मग तुझाच नकाशा घेऊन त्यावर दोन-तीन देवळांना गोल करील आणि टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवून वीस-चाळीस बाथमध्ये (बाथ हे तिथलं चलन) सगळं फिरवायला सांगेल. एवढ्यात तर नीट फेरीही परवडत नाही, तिथंच शंका यायला हवी. पहिल्या देवळात ‘योगायोगानं’ आणखी एक सभ्य माणूस भेटतो आणि रत्नांवरची सरकारी सवलत आज संपतेय असं सांगतो. मग टुकटुक दुकानापुढं थांबते. गिऱ्हाईक आणल्याबद्दल चालकाला दुकानाकडून पेट्रोलचं कुपन किंवा कमिशन मिळतं, म्हणून त्याला तुझ्या भाड्याची फिकीर नसते. खडा बहुधा खराच असतो, पण तू मोजलेली किंमत त्याच्या मोलाच्या कितीतरी पट असते. मायदेशी नेऊन दामदुप्पट विका, हे आश्वासन पोकळ.

यावर उपाय साधा आहे. कुणाचंही न ऐकता दरवाजापर्यंत चालत जा. राजवाडा रोज साडेआठला उघडतो आणि तिकीटं दुपारी साडेतीनपर्यंत मिळतात. तिकीट ५०० बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा हाफ पँटवर जाऊ नकोस, नाहीतर बाहेरच्या विक्रेत्याला तूच गिऱ्हाईक मिळवून देशील.

टॅक्सीचं थोडक्यात. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाच्या आत ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत मागं लागणाऱ्याकडं बघूही नकोस. बाहेरच्या टॅक्सीच्या मशीनमधून चिठ्ठी घे आणि ती चालकाला न देता स्वतःजवळ ठेव, तक्रारीला तीच लागते. भाडं म्हणजे मीटर, त्यावर विमानतळाचे ५० बाथ आणि वाटेतला टोल. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. शहरात कुणी मीटर टाकायला नकार दिला तर वाद न घालता उतर. अ‍ॅपवरून गाडी मागवलीस तर बसण्याआधी नंबरप्लेट जुळव.

पैशाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण बहुतेक नुकसान इथंच होतं आणि ते कळतही नाही. तुझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून तू स्वतः चालू कर आणि रोजची मर्यादा लहान ठेव. कारण लक्षात घे. आपल्याकडं ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो, पण परदेशी वेबसाइटला तो लागेलच असं नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जाऊ शकतात. म्हणून कार्ड वेटरच्या हाती देऊन आत पाठवायचं नाही, मशीन टेबलापाशी मागवायचं. दोन कार्डं ने, दोन वेगळ्या जागी ठेव.

एटीएमवर किंवा दुकानाच्या मशीनवर ‘रुपयांत घेऊ का?’ असा पर्याय दिसेल. ओळखीचा आकडा बघून बरं वाटतं आणि बोट तिकडंच जातं. तिथं नाही म्हण. रुपयांचा दर ते मशीनवाले ठरवतात आणि त्यात त्यांचा नफा असतो. बाथमध्ये किंवा व्हिएतनामच्या डोंगमध्येच व्यवहार कर. थायलंडात परक्या कार्डाला एटीएम दर वेळी साधारण २२० बाथ शुल्क लावतं, म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढ. रोख डॉलर नेणार असशील तर कोऱ्या, न दुमडलेल्या, शिक्का किंवा लिखाण नसलेल्या नोटा माग. मळकी नोट तिथं परत करतात.

हनोईत नोटांचाच घोळ होतो. २० हजार डोंग आणि ५ लाख डोंग, दोन्ही नोटा निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या. रात्री टॅक्सीच्या मंद दिव्यात तू पाच लाखांची देतोस, चालक हात खाली नेतो आणि वीस हजारांची वर काढून दाखवतो, ‘एवढीच दिलीस.’ म्हणून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव, देताना आकडा मोठ्यानं म्हण आणि शून्यं मोज. जुन्या पेठेत फळं विकणारी बाई कावड तुझ्या खांद्यावर ठेवून फोटो काढायला सांगेल आणि मग पैसे मागेल. कुणीतरी वाकून तुझ्या चपलेला गोंद लावायला सुरुवात करील. पाय मागं घे आणि चालत राहा. थांबून समजावत बसू नकोस.

आता निघण्याआधीचं. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच्या प्रवेशासाठी २५ डॉलरचा आहे. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून भरावं लागतं, ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. नेटवर शोधलंस तर वरती जाहिराती येतात, त्या सरकारी वाटतात आणि भरमसाट शुल्क लावतात. साइटच्या नावाच्या शेवटी व्हिएतनामसाठी ‘गव्ह डॉट व्हीएन’ (gov.vn) किंवा थायलंडसाठी ‘गो डॉट टीएच’ (go.th) आहे का ते बघ, मगच कार्डाचा नंबर टाक.

आपली आणखी एक अडचण असते. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर इनिशियल, आधारवर वेगळं, आडनाव कधी पुढं कधी मागं. व्हिसाच्या अर्जात मात्र नाव पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली छापलेल्या दोन ओळींत जसं आहे तसंच भर. एका अक्षराच्या फरकानंही विमान कंपनी काउंटरवर थांबवू शकते.

पासपोर्ट कुणाकडंही अनामत ठेवायचा नाही. थायलंडच्या पट्टायात जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) किंवा कुठंही स्कूटर भाड्यानं घेतलीस की तोच आधी मागतात, आणि परत करताना जुना ओरखडा दाखवून हजारो बाथ मागतात. पासपोर्ट त्यांच्याकडं असला की तुझी मान त्यांच्या हातात. रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर तयार नसतील तर घेऊ नकोस. घेतलीसच तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढ, मालक त्यात दिसू दे. मी तर म्हणेन जेट-स्की सोडच.

इतकं करूनही फसलास तर लाजू नकोस, वेळ घालवू नकोस. आधी अ‍ॅपवरून कार्ड बंद कर. थायलंडात टुरिस्ट पोलीस ११५५ वर इंग्रजीत बोलतात. तू न केलेला, तिसऱ्याच कुणी केलेला व्यवहार दिसला तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळव. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मग तुझ्यावर बोजा येत नाही. पण स्वतः पिन दाबून घेतलेल्या खड्याला हे लागू नाही, म्हणून दुकानातच सावध राहा. पासपोर्ट हरवला तर पोलिसांची नोंद घेऊन भारतीय दूतावासात जा. तिथं मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर फक्त भारतात परत येता येतं, हनोई राहून जाईल.

बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जाणार असशील तर पासपोर्ट बॅगेत नको, अंगावर ठेव. व्हिसा आला की पासपोर्ट आणि प्रिंट घेऊन घरी ये. दोन्ही शेजारी ठेवून नावाची अक्षरं एकदा जुळवून बघू.

तुझा,
काका