माझी मुलगी (वय ८) ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय. आम्ही मालवणला असतो. तिला समजतील असे सोपे कार्यक्रम, गोष्टींचे व्हिडिओ कुठले?

‘पोकोयो’पासून सुरुवात करा, यूट्यूबवर स्पॅनिशमध्ये फुकट आहे. मूळ स्पेनमधलीच मालिका, भाग जेमतेम सात मिनिटांचे, मागे पांढरा पडदा आणि निवेदक सावकाश बोलतो. पडद्यावर जे दिसतं तेच कानावर पडतं, म्हणून अर्थ सांगत बसावं लागत नाही. मी रत्नागिरीत मुलांना स्पॅनिश शिकवते, पहिल्याच भागात ‘ओला’ (म्हणजे ‘हॅलो’) ऐकून कुणीतरी “कोण भिजलं?” विचारतंच. (स्पॅनिशमध्ये लाटेलाही ‘ओला’च म्हणतात, उच्चार तोच. किनाऱ्यावरची पोरं हे विसरत नाहीत.) पुढची पायरी ‘पेप्पा पिग’चं स्पॅनिश डबिंग: घर, जेवण, पाऊस, चिखल, सगळे रोजचे शब्द. मग ‘ड्रीमिंग स्पॅनिश’ या यूट्यूब चॅनेलचे ‘सुपरबिगिनर’ व्हिडिओ, ज्यात शिक्षक चित्रं काढत गोष्ट सांगतात. पण ते मुख्यतः मोठ्यांसाठी आहेत, तेव्हा आधी तुम्ही बघा.

एकच भाग आठवडाभर लावा. इंग्रजी सबटायटल बंद, नाहीतर ती वाचतच बसेल. पावसात लाइट आणि नेट दोन्ही जातं, म्हणून ॲपमध्ये भाग आधीच डाउनलोड करून ठेवा.

फक्त एक बघा: पेप्पाची स्पेनची आणि लॅटिन अमेरिकेची डबिंग वेगळी आहेत. ‘धन्यवाद’ला पहिल्यात ‘ग्राथियास’, दुसऱ्यात ‘ग्रासियास’. तिच्या बाई जो उच्चार करतात, तेच डबिंग निवडा.