सुकं झाड मार्किंगला घेण्याआधी

पोरी,

तुझा फोटो काल चष्मा पुसून दोनदा पाहिला. सागाच्या रांगा अगदी वहीतल्या रेघांसारख्या, आणि खाली घाणेरी (तुमच्याकडे रायमुनिया म्हणतात) कमरेएवढी. खाली तू लिहिलंयस, ‘काका, रोपवन वीस वर्षांचं आहे, झाडं दाट आहेत, तरी महिनाभरात कॅमेऱ्यात दोन रानडुकरं आणि एक गुराखी एवढंच आलं. ओढ्यापलीकडच्या मिश्र जंगलात अस्वल, सांबर, सगळं. असं का?’

बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या राखणीतल्या जंगलाच्या तुकड्यावर, रुजू होऊन चार महिने झालेत आणि हा प्रश्न तुला पडला, याचा मला आनंद झाला. मला तो पडायला दहा वर्षं लागली होती.

रोपवन 2 मीटर बाय 2 मीटरने लावलेलं असतं, म्हणजे हेक्टरी 2,500 रोपं. सगळी एकाच पावसाळ्यात जन्मलेली भावंडं. त्यात म्हातारं कोणी नाही, आजारी नाही, मेलेलं नाही. आता ओढ्यापलीकडे जा आणि वर्षभराचं खाणं मोज. चैत्रात मोहाची फुलं, मग चारं (चारोळीची फळं) आणि टेंभरं (तेंदूची फळं), पावसाच्या तोंडावर जांभळं, हिवाळ्यात आवळे आणि बोरं. अस्वल या पंचांगावर चालतं. सागाच्या रोपवनात त्याला काय मिळणार? वाळवी मिळते म्हण, पण तिच्यावर वर्ष निघत नाही. सागाला पावसाळ्यात फुलं येतात, ती मधमाश्यांच्या कामाची. सप्टेंबरात अळी पानांची जाळी करून टाकते आणि अख्खं रोपवन करपल्यासारखं दिसतं, ते तू यंदा बघशीलच.

हे कोणाच्या डोक्यातून आलं, असं विचारशील. 1970च्या दशकात देशभर एकच विचार होता, की मिश्र जंगल कमी किमतीचं आहे, ते काढून तिथे किमती लाकूड लावावं. आपलं वनविकास महामंडळ 1974 साली त्याच काळात उभं राहिलं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. लाकूड लागत होतं, गावात मजुरी हवी होती. सागाची रोपं मीसुद्धा हौसेनं लावली आहेत. त्यातली काही आता माझ्या मिठीत मावत नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण गावात लोक तुला हेच विचारतील. सफाचट तोड झाली की जनावरं नाहीशी होतात, असं नाही. ती बदलतात. पहिली चार-पाच वर्षं ऊन जमिनीवर पडतं, गवत माजतं, झुडूप वाढतं. चितळ, रोही (नीलगाय), ससे तिथे येतात, रानडुक्कर दडून बसतं, आणि त्यांच्या मागे वाघही येतो. असं कोवळं रोपवन गावाच्या धुऱ्याला लागून असलं की सकाळी सरपणाला गेलेली बाई आणि वाघ एकाच झुडपात असतात. पुढे साग उंच होतो, सावली पडते, गवत मरतं, रायमुनिया उरतो. तुझा फोटो त्या टप्प्यावरचा आहे. म्हणून कुठलंही रोपवन पाहिलं की आधी त्याचं वय विचार. कक्षाचा, म्हणजे जंगलाच्या त्या नंबर दिलेल्या भागाचा, इतिहास लिहिलेली फाइल रेंज ऑफिसात असते. तोडीआधी तिथे काय उभं होतं, तेही तीत सापडेल. धूळ झटकून वाच, बहुतेक कोणी उघडलेली नसेल.

आता माझ्या चुकीची गोष्ट. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, मार्किंग करत होतो, तोडायच्या झाडांवर खुणा टाकत होतो. सुकलेला बेहडा होता, आत पोकळ. सुकं झाड म्हणजे जागा अडवणारं झाड, असंच आम्हाला शिकवलेलं. हातोडा मारला, नंबर टाकला. काम लांबलं आणि तोडीला एप्रिल उजाडला. झाड पडलं तेव्हा ढोलीपाशी उभं फाटलं. आत धनेशाची मादी होती, पंखांची पिसं गळालेली, उडता न येणारी, आणि पोटाखाली दोन पिल्लं. ढोलीचं तोंड तिने लिंपून घेतलेलं, चोच जाईल एवढी फट ठेवून. समोरच्या ऐनाच्या झाडावर नर बसला होता, चोचीत उंबर. तो बराच वेळ ते फळ टाकेना.

तोडीवरचा एक मजूर म्हणाला, ‘तो रोज यायचा साहेब, आम्ही बघत होतो.’

मी चिडलो. ‘मग सांगितलं का नाही?’

‘तुम्ही विचारलं नाही.’

त्या दिवसापासून मी मार्किंगला निघताना गावातला एक म्हातारा सोबत घेऊ लागलो आणि सुकं झाड दिसलं की पाच मिनिटं खाली बसायचो. तूही बस. बुंध्याशी विष्ठा, बिया, पिसं दिसतात का बघ. धनेशाला, घुबडाला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेली किंवा फांदी कुजून पडलेली ढोली त्यांना लागते. उडणारी खार, घोरपड, मधमाश्या, सगळे त्याच रांगेत. अशी ढोली तयार व्हायला झाडाचं अर्धं आयुष्य जातं. वीस वर्षांच्या सागात ती कुठून येणार?

पण सागालाच शत्रू ठरवू नकोस, तो उथळपणा होईल. रानपिंगळा आठव, ते छोटं घुबड. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, तो संपला असंच धरून चालले होते. 1997च्या नोव्हेंबरात तो शहाद्याजवळ दिसला, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि तोही सागाच्याच विरळ जंगलात. फरक एवढाच की ते जुनं, वेडंवाकडं, ढोल्यांचं जंगल होतं. साग तोच, जंगल वेगळं.

तुझ्या हातात काय आहे? तोडीचा निर्णय वर्किंग प्लॅनमध्ये, म्हणजे खात्याच्या काही वर्षांच्या आराखड्यात, होतो, तो तू बदलू शकणार नाहीस. पण विरळणीच्या वेळी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढताना, सागाच्या रांगेत आपोआप उगवलेला मोह, चार, तेंदू, ऐन वाचवायचा की ‘फालतू’ म्हणून छाटायचा, हे कुपात उभं राहणारा माणूस ठरवतो. रायमुनिया मुळासकट काढायचा, तोही बी धरायच्या आधी. वरून कापलास तर दुप्पट फुटतो. काढल्यावर तिथे पवन्या, मारवेल अशा गवतांचं बी पडलं नाही, तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. आणि आगीचं म्हणशील तर आपला फायर सीझन 15 फेब्रुवारीपासून. मोहफूल नीट दिसावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, तीच आग पुढे पसरते. दम देऊन ते थांबत नाही. मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तर जाळायची गरजच राहत नाही. बायकांशी बोल, त्यांना ते पटतं.

बीटच्या हद्दीबाहेरही बघायची सवय लाव. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ 2019 साली निघाला आणि सुमारे 3,000 किलोमीटर फिरून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. एवढं सलग जंगल वाटेत कुठे आहे? तो शेतांतून, ओढ्यांतून चालला. उभी तूर आणि कपाशी ही त्याची झाडी. तीच शेतं उन्हाळ्यात मोकळी झाली की वाट बंद. तशीच वाट सिमेंटचं अस्तर लावलेला कालवा बंद करतो, कारण तीव्र उतारावर जनावराचा पाय टिकत नाही. रस्त्याचं म्हणशील तर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर जनावरांसाठी खालून 9 वाटा सोडल्या आहेत, एक तर 750 मीटर रुंद. कॅमेऱ्यांत वाघासह 18 जातींचे प्राणी तिथून जाताना आले. मला आधी हसू आलं होतं, वाघ काय पाटी वाचून जाणार? गेला की.

आणि झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर हा शब्द आहे. 2025च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच धरल्या. आता तिथे ‘पडीक आहे, झाडं लावा’ म्हणून कोणी खड्डे मारायला आलं, तर आधी एक पहाट तिथे घालव. खोकड, ससा, लांडगा, टिटवी यांना उघडी, खुरटी जमीनच हवी असते. तिथे साग लावला की फोटो हिरवा येतो आणि ते निघून जातात.

एक काम सांगतो. पावसाळा संपायच्या आत बीटमधल्या ढोलीच्या झाडांची यादी कर. कक्ष क्रमांक, झाडाची जात, ढोली जमिनीपासून किती उंच, आत काय दिसलं. सोबत गावातल्या म्हाताऱ्याला ने आणि त्याला चहा पाज. यादी मला पाठव. दिवाळीनंतर मी येतो, गुडघा साथ देईल तिथवर चालू. तो पलीकडचा ओढा मलाही बघायचा आहे.

तुझा,
फॉरेस्टर काका