सगळं तयार ठेवू नका

प्रश्न : आम्ही पाच जणी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वस्तीतल्या लोकांसाठी जेवण करतो. साठेक माणसं येतात. शेजाऱ्यांची ओळख व्हावी एवढाच हेतू. पण लोक ओळखीच्याच माणसाशेजारी बसतात, जेवतात, 'छान झालं होतं हं' म्हणतात आणि जातात. आदल्या रात्रीच सगळं शिजवून ठेवतो, तरी भांडी घासता घासता कंबर मोडते. दीड वर्ष झालं. बंद करावं का?
– एक दमलेली वाचक

उत्तर : जेवण बंद करू नका. आदल्या रात्रीचा स्वयंपाक मात्र बंद.

त्याचं एक कारण रुक्ष आहे, ते आधी उरकते. साठ माणसांचं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं की ते मधे तासन्‌तास कोमट राहतं. 5 ते 60 अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचे बीजाणू (कवचात झोपलेलं त्यांचं रूप) तर उकळीतूनही वाचतात. आधी शिजवायचंच असेल तर उथळ भांड्यांत पसरून लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या वाफा येईपर्यंत तापवा. पण एवढा मोठा फ्रिज असतो कोणाकडे?

खरं कारण वेगळं आहे. तुम्ही शेजाऱ्यांना पाहुणे करून टाकलंय. पाहुण्याला करायला काही नसतं, म्हणून तो ओळखीची खुर्ची शोधतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. असं जेवण मी अकरा वर्षं चालवलं, त्यातली पहिली दोन अगदी तुमच्यासारखी. कोणी सुरी हातात घेतली की मी म्हणायचे, 'राहू द्या हो, मी करते.' एका रविवारी आमच्यातल्या दोघी तापानं झोपल्या. दार उघडलं तेव्हा अर्ध्या भाज्या चिरायच्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढेच एक आजोबा उभे होते, कोपऱ्यात बसून निमूट जेवून जाणारे. त्यांनी काही न विचारता बाह्या सरसावल्या. शेजारी एक कॉलेजातली मुलगी येऊन बसली, इतकं बारीक कसं चिरता म्हणून विचारू लागली. दोघं एकाच जिन्यावर राहतात हे त्यांना त्या दिवशी कळलं! जेवण पाऊण तास उशिरा झालं. तक्रार एकच आली, तीही माझ्या सख्ख्या बहिणीची.

हात कामात असले की नजर खाली असते, गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, आणि मग बोलणं आपोआप निघतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे केविन निफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निशमन दलाच्या ठाण्यांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध केला. एकत्र जेवणाऱ्या तुकड्यांचं कामही सरस असल्याचं त्यांना दिसलं. लोक त्यातलं 'एकत्र जेवण' तेवढं लक्षात ठेवतात. पण तिथे जवान आपला स्वयंपाक आपणच करतात. माझा डोळा त्या रांधण्यावर आहे.

फ्रान्समध्ये 1999 साली पॅरिसला सुरू झालेल्या 'शेजाऱ्यांच्या सणा'त माणसं आपापल्या घरून काहीतरी घेऊन येतात. छान आहे, पण ज्याच्या घरी चूलच पेटत नाही तो रिकाम्या हातानं यायला लाजतो. चिरायला, पुसायला मात्र कोणीही येऊ शकतं.

तेव्हा दार तासभर आधी उघडा. 'मदत हवी' अशी पाटी लावू नका, ती कोणी वाचत नाही. समोरच्या माणसाला नेमकं काम सांगा : 'ही ताटं तिकडे नेता का?' वाढपाची रांग मोडा. आठ-आठ जणांची टेबलं करा, प्रत्येकावर भांडं एक आणि डाव एक. डाव मागायला तरी तोंड उघडावंच लागतं.

आणि घासायची भांडी मागच्या मोरीत नेऊ नका. माणसं बसतात तिथेच, उजेडात, दोन टप आणि पुसायला एक टेबल मांडा : एक घासणार, एक विसळणार, एक पुसणार. तुम्ही पाच जणींनी त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. अवघड जाईल. पहिल्या वेळी मी हात मांडीखाली दाबून बसले होते.